फ्लॅक्समनची रेघ, छापण्याआधीची

मंडळी, होमरच्या महाकाव्यांवरची चित्रं म्हटली की आपल्याला जॉन फ्लॅक्समनपाशी थांबावंच लागतं. हा मूळचा शिल्पकार. इंग्लंडमध्ये वेजवुडच्या भांड्यांसाठी उठावाच्या नक्षीचे नमुने करायचा. १७८७ साली रोमला गेला आणि तिथे ‘इलियड’ व ‘ओडिसी’साठी रेखाटनं केली. तोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि १७९३ मध्ये ती छापून आली.

या छापील चित्रांत छायाप्रकाश नाही, पार्श्वभूमीही जेमतेम. आहे ती नुसती बाह्यरेषा. ग्रीक कलशांवरच्या चित्रांचा हा संस्कार. १७९९ मध्ये ऑगस्ट श्लेगेलने या रेषेची बाजू मांडली. त्याचं म्हणणं असं, की रेषा थोडंच सांगते, म्हणून पाहणाऱ्याच्या कल्पनेला जागा उरते.

हे आपल्याला पटतं, पण सगळीकडे नाही. निद्रा आणि मृत्यू सार्पेडॉनचं शव उचलून नेतात, ते चित्र घ्या. तिथे शांतपणा हाच विषय आहे, म्हणून रेषेचा संयम शोभतो. अकिलीजच्या रथामागे हेक्टरचं प्रेत फरफटत जातं, तिथेही रेघ तशीच स्वच्छ! धूळ नाही, रक्त नाही. इथे ही रेषा काव्याला कमी पडते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग हा थंडपणा चित्रकाराचा की कोरणाऱ्याचा? त्यासाठी पूर्वतयारीची रेखाटनं बघायला हवीत. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्लॅक्समनची पुष्कळ रेखाटनं जपलेली आहेत. त्यांत पेन्सिलीच्या चाचपडत्या रेघा दिसतात, त्यांवरून शाईची ठाम रेघ फिरलेली असते. म्हणजे ही निवड कोरण्याआधी, कागदावरच झालेली आहे. सगळा दोष पिरोलीच्या माथी मारता येणार नाही.

आता, कच्चं तेवढं खरं आणि छापलेलं ते मेलेलं, असंही म्हणू नका बरं का. चित्रं पुस्तकासाठीच होती, कोरता येईल अशी रेघ त्याला हवीच होती. पण कच्च्या रेखाटनामुळे एक गोष्ट कळते: ही रेषा सहज आलेली नाही, गाळून गाळून उरलेली आहे. म्हणून प्रत्येक चित्रापुढे आपण एवढंच विचारायचं, की जे गाळलं, ते होमरला नको होतं का?