वगळलेल्या आकड्यांविषयी

हॉथॉर्नच्या प्रयोगांची जी हकीकत औद्योगिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते, ती मोठी रम्य आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात 1927 साली पाच तरुणींना एका स्वतंत्र खोलीत बसविण्यात आले. दूरध्वनी यंत्रणेतील रिले जुळविणे हे त्यांचे काम. त्यांना विश्रांती दिली, उत्पादन वाढले; कामाचे तास कमी केले, उत्पादन वाढले; शेवटी साऱ्या सवलती काढून घेतल्या, तरीही ते वाढलेलेच राहिले. तेव्हा माणूस पैशाने नव्हे, तर आपुलकीने व आपल्याकडे दिल्या गेलेल्या लक्षाने अधिक काम करतो, असा सिद्धांत निघाला. विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि आम्ही त्यास गुण देतो.

रोथलिसबर्गर व डिक्सन यांचा मूळ ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला. तो सहाशेहून अधिक पृष्ठांचा असल्यामुळे बहुधा वाचला जात नाही. जो वाचील त्यास दिसेल की, त्या पाच जणींपैकी दोघींना जानेवारी 1928 मध्ये खोलीतून काढून टाकण्यात आले होते. त्या फार बोलत आणि सहकार्य करीत नसत, हा त्यांच्यावरील ठपका. त्यांच्या जागी दोन अधिक कुशल कामगार स्त्रिया आणल्या गेल्या, आणि त्यांपैकी एक पुढे गटाची अघोषित नायिकाच बनली. म्हणजे ज्या प्रयोगातून सौम्य, स्नेहशील देखरेखीचा महिमा सिद्ध व्हावयाचा, त्याच प्रयोगात शिस्तभंगाच्या कारणावरून दोन कामगारांची उचलबांगडी झाली होती! ॲलेक्स केरी यांनी 1967 साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात नेमके याच मुद्द्यावर बोट ठेविले.

वेतनाची गोष्टही अशीच. पूर्वी या स्त्रियांची कमाई सुमारे शंभर जणांच्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर ठरत असे. खोलीत आल्यावर ती पाच जणींच्याच उत्पादनावर ठरू लागली. आपल्या श्रमाचे फळ आपल्याच पदरात पडू लागल्यावर हात लवकर चालू लागले, तर त्यात नवल कोणते? ही शंका प्रयोगकर्त्यांनाही आली होती, हे त्यांच्या श्रेयाकडे जमा केले पाहिजे. त्यांनी दुसऱ्या एका गटात केवळ वेतनपद्धती बदलून पाहिली. उत्पादन बारा-तेरा टक्क्यांनी वाढले, व जुनी पद्धत परत आणताच खाली आले. तरीही वेतनाचा वाटा त्यांनी गौणच मानला. सवलती काढून घेतल्यानंतरच्या ज्या बाराव्या टप्प्याचा एवढा गाजावाजा होतो, त्यात आठवड्याचे उत्पादन वाढले हे खरे. पण कामाचे तासही वाढले होते, आणि ताशी उत्पादन आधीच्या टप्प्याहून किंचित घटले होते. आठवड्याचा आकडा पाठ्यपुस्तकांत शिरला, ताशी आकडा मूळ ग्रंथातच राहिला. फ्रॅंक व कौल यांनी 1978 साली याच आकडेवारीचे सांख्यिकीय विश्लेषण केले. त्यांस देखरेखीची कडक शिस्त, आर्थिक मंदीची धास्ती आणि विश्रांतीचा काळ ही कारणे अधिक बलवत्तर आढळली.

वनस्पतिविषाणूंचा अभ्यासक म्हणेल, याचा आमच्याशी काय संबंध? आम्ही माणसांची मने मोजीत नाही. पण 1935 साली वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या मोझेक रोगाचा विषाणू स्फटिकरूपात मिळविला, तेव्हा तो शुद्ध प्रथिन असल्याचे त्यांनी जाहीर केले. कार्य थोरच होते. 1946 च्या नोबेल पारितोषिकात त्यांस वाटाही मिळाला. मात्र बॉडेन व पिरी यांनी इंग्लंडमध्ये हाच पदार्थ तपासला, तेव्हा त्यांस त्यात फॉस्फरस व कर्बोदक आढळले, आणि 1936 च्या अखेरीस त्यांनी ते प्रसिद्ध केले. स्टॅन्ली यांच्या प्रारंभीच्या विश्लेषणात ज्यास स्थान नव्हते, तो हा सुमारे पाच-सहा टक्क्यांचा न्यूक्लिइक आम्लाचा अंश. रोग उत्पन्न करण्याची शक्ती त्याच अंशात आहे, हे 1956 साली सिद्ध झाले. येथे चूक सुधारली गेली, कारण तोच पदार्थ दुसऱ्या प्रयोगशाळेत कोणासही पुन्हा तपासता येत होता. हॉथॉर्नच्या खोलीतील 1928 चा जानेवारी पुन्हा आणता येत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र ही वगळणूक केवळ विद्वानांच्या वादाचा विषय राहत नाही. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक 1938 साली तयार झाले. बोस्टनच्या स्मिथ दांपत्याने 1948 साली 632 गर्भारपणांचा वृत्तांत प्रसिद्ध करून, ते दिल्याने गर्भपात टळतात असे प्रतिपादन केले. या वृत्तांतात त्याच वेळी निष्क्रिय गोळी दिलेला तुलनागट नव्हता. शिकागोत डीकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेहून अधिक स्त्रियांचे दोन गट करून एका गटास औषध व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी दिली आणि 1953 साली निर्णय दिला: लाभ काहीही नाही. निर्णय छापला गेला. औषध पुढे जवळजवळ अठरा वर्षे गर्भवतींस लिहून दिले जात राहिले. यशाची वार्ता दवाखान्यांतून फिरली, निष्फळतेची ग्रंथालयात पडून राहिली. तरुण संशोधकांनी ही अठरा वर्षे विसरू नयेत.

1971 साली हर्बस्ट, उल्फेल्डर व पॉस्कान्झर यांनी योनिमार्गाच्या एका अत्यंत दुर्मिळ कर्करोगाने ग्रस्त अशा आठ तरुण मुलींची माहिती घेतली, आणि प्रत्येकीमागे चार याप्रमाणे बत्तीस निरोगी मुलींशी ती ताडून पाहिली. आठांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भारपणी हे औषध घेतले होते. बत्तिसांपैकी एकीच्याही मातेने घेतले नव्हते. 1948 च्या वृत्तांतात पोटातील मूल जगले की नाही एवढेच मोजले गेले होते. ते वाढून वीस वर्षांचे झाल्यावर त्याचे काय होईल, यासाठी कोठे रकानाच नव्हता.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे घडली. ब्रॅकबिल व बेरेंडेस यांनी 1978 साली डीकमन यांचेच जुने आकडे पुन्हा मांडून पाहिले. औषध घेतलेल्या स्त्रियांत गर्भपात, अकाली प्रसूती व नवजात मृत्यू यांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा अधिक होते. ‘लाभ नाही’ असे ज्यांत वाचले गेले, त्याच आकड्यांत ‘हानी आहे’ हेही पंचवीस वर्षे लिहिलेले होते.