बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेले वाहनांचे कोष्टक मी एक संहिता म्हणून वाचतो. त्यात मोटार १, सायकल ०.५, बस ३, घोडागाडी ४ आणि मोठी बैलगाडी ८. पायी चालणाऱ्यासाठी ओळच नाही.

नंदुरबार जिल्ह्यात या कोष्टकाचा अर्थ उघडा पडतो. सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेली बैलगाडी आठ मोटारींइतकी. अक्कलकुव्याची एसटी खचाखच भरलेली असो वा रिकामी, तीनच. धडगावच्या बाजारासाठी ओझे घेऊन डोंगर उतरणारी बाई शून्य.

बैलगाडीने रस्ता अडतो, हे खरेच. माझा आक्षेप आकड्यांवर नाही. अडथळ्याचे माप आपण गरजेचे माप करून टाकले, यावर आहे. रुंदीकरण करायचे की बायपास काढायचा, हे ठरवताना याच गणतीचा आधार घेतात. मग रस्त्याकडेच्या जमिनी बिनशेती होतात, वस्ती लांबते, अंतरे वाढतात आणि पुढच्या गणतीत मोटारी आणखी भरतात.

माप बदलता येते. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला. नव्या बांधकामाने मोटारींचा खोळंबा किती होईल याऐवजी त्यांची धाव किती वाढेल, हे तेथे जुलै २०२०पासून पाहतात. पण तेही मोटारीचेच माप.

आपल्याकडे २०००च्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने वाहने नव्हे, माणसे मोजली: सपाटीवर ५०० लोकवस्ती, डोंगरी व आदिवासी भागात २५०. त्या मोजणीत सातपुड्यातले पाडे दिसू लागले. रस्ता झाल्यावर मात्र त्यांची मोजणी पुन्हा मोटारीत होते. बाजार, दवाखाना, शाळा गाठायला माणसाला किती वेळ लागतो, हे रस्ता झाल्यावरही मोजत राहिले पाहिजे.