किरण निघाला की निघाली?

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशी दोघांची कामं केली. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीही तेच होते. इथे ‘होते’ लिहावं की ‘होती’, यावर मराठी वाचकाचं कधी अडलं नाही. साळुंके आले, सीता रडली. नटाचं खातं वेगळं, भूमिकेचं वेगळं. बालगंधर्वांचा प्रेक्षकही असाच होता. रंगमंचावरच्या भामिनीसाठी ‘ती’ आणि ती रंगवणाऱ्या नारायणरावांसाठी ‘ते’ हा हिशेब त्याच्या डोक्यात तीन-चार तास न चुकता चालायचा. कीर्तनकाराचंही तेच. विराटाघरी उत्तरेला नाच शिकवणारी बृहन्नडा ‘म्हणते’ आणि शमीच्या झाडावरून धनुष्य खाली आलं, की अर्जुन ‘म्हणतो’. ज्ञानेश्वरांना माउली आणि विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्या भाषेला हे अवघड जाण्याचं कारणच नाही.

अडतं ते पात्र सोंग घेत नसेल तेव्हा. जे दिसतं आणि जे आत आहे ते जुळत नाही, किंवा अजून ठरायचंच आहे, अशा पात्राबद्दल निवेदकाने काय म्हणावं? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मराठी नाटक, कादंबरी, सिनेमा या प्रश्नाशी कसा वागला, हे पाहू लागलं की नाटक बरंच पुढे आणि निवेदनाचं गद्य बरंच मागे राहिलेलं दिसतं. असं का झालं, याचं थोडं उत्तर आपल्या व्याकरणात आहे आणि बरंचसं लेखकांच्या भिडस्तपणात.

व्याकरणाचं आधी उरकून घेऊ. मराठीत अडचण सर्वनामापेक्षा क्रियापदाची आहे. ‘तो’ आणि ‘ती’ टाळता येतात, नाव पुन्हा पुन्हा घेता येतं. पण ‘निघाला’ की ‘निघाली’ हे टाळायचं कसं? आपलं एक पात्र घेऊ, नाव किरण. हे नाव मुलाचंही असतं, मुलीचंही. किरणने पंचवटीत रिक्षा पकडली, रविवार कारंज्यावर पैसे दिले, दुकानातून चिवडा घेतला. किरणला उशीर झाला होता. किरण उद्या पुन्हा येईल. इथवर किरण कोण, हे वाचकाला कळायची सोय नाही, कारण सकर्मक भूतकाळात क्रियापद रिक्षेच्या आणि चिवड्याच्या मागे जातं आणि ‘येईल’ला लिंगच नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही रूपंही तशीच झाकलेली आहेत. मात्र किरणला घरी पोहोचवायची वेळ आली, की युक्ती संपते. मराठीच्या साध्या भूतकाळात लिंग न सांगता माणसाला घेता येतं, देता येतं, खाता येतं; हसता, रडता, बसता, थकता येत नाही. कथेत तर हसणं-रडणंच जास्त असतं.

मग कुणीतरी सुचवतं, की आपल्याकडे तिसरं लिंग आहेच, ‘ते’ वापरा. इंग्रजीत एकाच व्यक्तीसाठी ‘दे’ रुळू लागल्यापासून ही सूचना अनुवादकांकडून वारंवार येते. ती मला अजिबात पटत नाही. ‘ते आले’ म्हटलं, की वाचकाला दिसतो एक वडीलधारा पुरुष. ‘ते आलं’ म्हटलं, की दिसतं मूल, जनावर किंवा वस्तू, आणि मोठ्या माणसाबद्दल म्हटलं तर तो उघड हेटाळणीचा सूर असतो. ज्यांनी तो आयुष्यभर ऐकलाय, त्यांना साहित्यातूनही तोच ऐकवायचा का? अरुंधती रॉय यांच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’मध्ये (२०१७) अंजुमच्या आईला जाणवतं, की तिच्या उर्दूत प्रत्येक वस्तू स्त्रीलिंगी नाहीतर पुल्लिंगी आहे आणि आपलं मूल दोन्हींत बसत नाही. मराठी आईसमोर तिसरा रकाना असतो, पण त्यात मूल मोठं झाल्यावर राहू शकत नाही. अर्थात हा नियम सगळीकडचा नाही. कोकणीत तरण्या मुलीला प्रेमानं नपुंसकलिंगीच बोलवतात, त्यात तुच्छता नसते. गोव्याचा किंवा तळकोकणातला लेखक या वाटेने जाऊ शकेल. नाशिकचा लेखक गेला तर वाचक फसेल.

आणखी एक गोष्ट बोलींची. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. म्हणजे पुण्या-नाशिकचा वाचक ज्या खुणेवरून बोलणाऱ्याचं लिंग ओळखतो, ती खूण तिकडे चालतच नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा मुलूख नेमका त्याच बाजूचा, सीमाभागालगतचा आहे. त्यांतल्या जोगत्याच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या पुरुषाच्या, तोंडचं ‘गेलो’ वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता कृतींकडे येतो. या विषयावर मराठीत सर्वात धीट आणि सर्वात सूक्ष्म काम कुणी केलं असेल, तर ते सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ने. थिएटर अकॅडमीने हे नाटक १९७९ मध्ये रंगमंचावर आणलं. बर्वेची भूमिका चंद्रकांत काळे यांची. संगीत नाटकाच्या ऐन वैभवाच्या काळात किरकोळ स्त्रीभूमिका करणारा, आता उदबत्त्या विकून श्यामरावाच्या मुठीत जगणारा बर्वे, आणि त्याच्या स्वप्नात शिरणारे जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. त्या स्वप्नात बर्वे ऑफिसातल्या नलावडेबाई होतो, लग्न होतं, डोहाळेही लागतात. बर्वे ‘खरा’ कोण, हे नाटक सांगत नाही. ते लिंग हलतं ठेवतं, आणि ते कुणाच्या तोंडून हलतंय यावर सगळा खेळ आहे. जावडेकराच्या गरजेतून बर्वे बाई होतो, स्वतःच्या ओढीतून बाई होतो आणि श्यामरावाच्या दहशतीतून पुन्हा पुरुष केला जातो. शीर्षकातही ‘बेगम’ने जे सांगितलंय त्याला ‘बर्वे’ दुजोरा देत नाही आणि खोडूनही काढत नाही. मी वरच्या वाक्यांत ‘होतो’ लिहिलं, तिथे नाटकाशी थोडी बेइमानी झाली. समीक्षकाला एक रूप निवडावं लागतं, नाटककाराला लागलं नाही. नाटकाला निवेदक नसतो हा त्याचा मोठा फायदा. प्रत्येक पात्र आपापल्या जबाबदारीवर ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणतं आणि त्यातून आपलाच स्वभाव उघडा करतं.

तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ची (१९८१, सुमित्रा देवच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी) दिशा वेगळी आहे, तिथे प्रश्न ओळखीपेक्षा प्रेमाचा आहे. पण मित्र आणि मित्रा (सुमित्राचं छोटं नाव) या दोन्हींचं षष्ठीचं रूप एकच होतं, आणि तेवढ्यावर तेंडुलकरांनी शीर्षक उभं केलं, हे नोंदवायलाच हवं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) तनय आणि अनुजा ही भावंडं आपापला भाग सांगतात, आणि कोण कुणावर प्रेम करतंय हे मराठीत नुसत्या क्रियापदांच्या शेवटांनी कळत जातं. ती सोय अनुवादक जेरी पिंटोंना इंग्रजीत मिळाली नसणार.

सिनेमाबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती आपल्या दोन अतिशय चांगल्या चित्रपटांबद्दल आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधवांचा ‘नटरंग’ (२०१०) आणि नाशिकच्या राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९). ‘नटरंग’मधला गुणा पैलवान आहे, फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो आणि गाव त्याला आयुष्यभर त्या लचकण्याची शिक्षा देतं. ‘जोगवा’तल्या तायाप्पाला देवीच्या नावाने साडी नेसवली जाते, सुलीच्या प्रेमात त्याला आपलं पुरुषपण सापडतं. अतुल कुलकर्णी आणि उपेंद्र लिमये यांची कामं कुणी विसरणार नाही. लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण दोन्ही कथांचा व्याकरणी आराखडा एकच आहे. आतून पक्का ‘तो’ असलेल्या माणसाला जग ‘ती’ ठरवतं, आणि त्याची सुटका म्हणजे पुन्हा ‘तो’ होणं. प्रेक्षकाची सहानुभूती या वाटेवर बिनधोक वाहते, कारण तिला आपला कुठलाच समज बदलावा लागत नाही. शेजारी उभी असलेली दुसरी व्यक्ती, जी साडी लादली गेली म्हणून नाही तर हवी म्हणून नेसते, ती या सिनेमांत पार्श्वभूमीला राहते. अशा पात्राला मधोमध ठेवून, निवेदनाला तिच्यासाठी ‘ती’ म्हणायला लावणारा आणि त्यावर भाषण न करणारा तितक्याच ताकदीचा मराठी सिनेमा मला अजून भेटलेला नाही. मालिकांबद्दल बोलत नाही. तिथे सिग्नलवर एक टाळी वाजते आणि प्रसंग संपतो.

रस्त्यावरची भाषा यापेक्षा शहाणी आहे. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाला वयस्क तृतीयपंथी व्यक्तीला ‘मावशी’ म्हणतो, आणि एकदा मावशी म्हटलं की पुढचं क्रियापद आपोआप नीट येतं. कोजागरीला सप्तशृंग गडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो. राज्यभरातून मंडळी येतात, गावकरी पाया पडतात. त्या गर्दीत कुणी कुणाला काय म्हणायचं याचा घोळ होताना दिसत नाही. घोळ होतो दुसऱ्या दिवशीच्या बातमीत. ती ‘तृतीयपंथीयांनी दर्शन घेतले’ अशा अनेकवचनी, तृतीयान्त वाक्यांत स्वतःला सुरक्षित ठेवते. घोळक्याबद्दल लिहिलं की एकाही माणसाबद्दल ठरवावं लागत नाही. कथालेखकांनी ही बातमीदाराची चलाखी उचलली आहे, आणि ती कथेत फार वाईट दिसते.

इथे मराठीचा दुसरा पेच येतो, ज्याकडे इंग्रजीतून आलेली चर्चा बघतच नाही. आपल्याकडे आदर लिंगात कमी आणि वचनात जास्त असतो. प्राध्यापक ‘आले’, प्राध्यापिका ‘आल्या’, आणि तृतीयपंथी पात्र, लेखक कितीही सहृदय असला, तरी ‘आली’. ‘तो’च्या जागी ‘ती’ लिहून लेखकाला वाटतं आपण फार पुढे गेलो, पण एकेरीतून त्याने त्या व्यक्तीला बाहेर काढलेलं नसतं. साठीच्या गुरूबद्दल लिहिताना ‘त्या म्हणाल्या’ लिहायला हात का अडतो, हे ज्याने त्याने तपासावं. २०१४ च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. तो मराठी निवेदकापर्यंत पोहोचायला काही हरकत नव्हती.

दरम्यान, ज्यांच्याबद्दल हे सगळं लिहिलं जातं त्यांनीच लिहायला घेतलं. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आलं. बिंदुमाधव खिरे यांनी समलैंगिकता आणि लिंगभाव या विषयांवर मराठीत सातत्याने लिहिलं. आपल्या येवल्याच्या दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आहे. आत्मकथनात आणि कवितेत ‘मी’ बोलतो तेव्हा निवड परक्याच्या हातात राहत नाही. कल्पित लेखनापुढे मग प्रश्न असा उरतो, की एवढं ऐकल्यावरही ‘मी आले’ म्हणणाऱ्या पात्रानंतर निवेदक ‘असं तो म्हणाला’ कसं लिहितो. आणि तो लिहितो. एकांकिका स्पर्धांच्या संहिता वाचा: संवाद अतिशय हळुवार, आणि कंसातल्या सूचनेत ‘तो साडीचा पदर सावरतो’. तिथे लेखकाचं खरं मत सापडतं.

माझा कल सांगतो. पात्राला स्वतःबद्दल ठाऊक असेल, तर निवेदकाने पात्राच्या मागे जावं, पहिल्या वाक्यापासून, स्पष्टीकरण न देता. इतर पात्रांना चुकू द्यावं, त्यांच्या चुका म्हणजे त्यांचं चित्रण. बाप ‘तो’ म्हणत राहील, बहीण मध्येच एकदा ‘ती’ म्हणून जाईल, आणि त्या एका वाक्यात गोष्ट पुढे सरकेल. पात्राचं अजून ठरलं नसेल किंवा त्याला ठरवायचंच नसेल, तर वर किरणच्या बाबतीत दाखवलेली झाकलेली रूपं जरूर वापरावीत, पण लघुकथेपुरती. कादंबरीभर ‘त्यांनी’ आणि ‘किरणला’ लिहिलं, तर गद्य तहसील कचेरीतल्या पत्रासारखं होतं. लांबच्या पल्ल्यासाठी ‘बेगम बर्वे’चा रस्ता चांगला: रूप बदलू द्यावं, मात्र बदल पात्राच्या मनातून यावा, लेखकाच्या विसरभोळेपणातून नाही. उर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) स्त्री-पुरुष भेद नसलेल्या माणसांसाठी सरसकट पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आणि पुढे स्वतःच त्या निवडीवर टीका केली. इतक्या मोठ्या लेखिकेने आपला निर्णय जाहीरपणे उलटा तपासला, तर आपल्याला दुसऱ्या आवृत्तीत चार क्रियापदं बदलायला संकोच नसावा.

उरली एक विनंती, संपादकांना आणि मुद्रितशोधकांना. एकाच पात्राच्या तोंडी तिसऱ्या पानावर ‘गेलो’ आणि सातव्या पानावर ‘गेले’ दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी लेखकाला फोन करा. ती चूक असेलही. नसेल, तर तुम्ही पुसताय ती त्या कथेतली सर्वात महत्त्वाची घटना असू शकते.