चार मिशा, रक्ताळलेले पर

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४पासून मुंबई सरकारच्या पाहणीसाठी दख्खन पालथं घालत होता. इथल्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने आधी थोडक्यात आणि १८४१मध्ये चित्रांसह सविस्तर छापला. त्यातलं खुद्रीचं वर्णन मला फार आवडतं. खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर. साइक्सला ती पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत मिळाली. गोदावरीच्या खोऱ्यातही तिची नोंद आहे.

वर्णनाची सुरुवात जेमतेम एका ओळीची. चार मिशा, रक्ताचे डाग पडल्यासारखे पर, मोठे षटकोनी खवले, लांबट अंग. बस्स. पण क्रम बघा! नजर आधी तोंडाशी थांबते, मग परांवर, मग खवल्यांवर, आणि अख्खा मासा सगळ्यांत शेवटी. रंग एकच, तोही रक्ताचा. आणि ‘षटकोनी’ हा शब्द, मासा हातात धरून एका खवल्याच्या कडा मोजल्याशिवाय कुणाला सुचेल?

महसीरच्या तुलनेत थंड पाण्यातल्या ट्राउटची ओळख वेगळ्या वाटेने होते. शेपटीच्या अलीकडे पाठीवर काटे नसलेला छोटा मांसल पर. ब्राउन ट्राउटच्या अंगावर फिकट कडीतले लाल-काळे ठिपके, रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीभर ठिपके. इंग्रजांनी हे मासे काश्मीर-निलगिरीत आणून सोडले. मराठवाड्याच्या उन्हात तापणारं गोदेचं पाणी त्यांना मानवणारं नाही. ट्राउट कातडीवरून वाचावा लागतो, महसीर तोंडापासून.

साइक्सच्या याच निबंधातला मुसल्ला नावाचा मासा घोड नदीतला, शिरूरजवळचा. पुढे कित्येक वर्षं कावेरीतल्या कुबडाच्या अवाढव्य महसीरलाच लोक मुसल्ला म्हणत राहिले. २०१३मध्ये अभ्यासकांनी साइक्सचं मूळ वर्णन आणि कृष्णेच्या खोऱ्यातले मासे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मुसल्ला महसीरच नाही, तो हिप्सेलोबार्बस वंशातला, असं दिसलं. कुबडाच्या महसीरला २०१८मध्ये टोर रेमादेवी ही ओळख मिळाली. इतक्या वर्षांपूर्वीच्या लिखाणावर अजून असा निवाडा करता येतो, ही त्या लिहिणाऱ्याच्या नजरेची ताकद आहे.

मराठवाड्यात गोदावरीवरच्या विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयाकाठी खुद्रीच्या वर्णनाची ती ओळ मनाशी धरून मासे बघावेत. कटल्याला मिशाच नसतात. रोहूला बघायला गेलं तर एक बारीक जोडी सापडते, मृगळालाही तेवढीच. म्हणजे साइक्सचे पहिले दोन शब्दच खुद्रीला या तिघांतून वेगळी काढतात. खुद्रीच्या वरच्या जाड ओठाशी पुढची जोडी दिसते, जबड्याच्या कोपऱ्याशी मागची.

मात्र साइक्सच्या काळी इथल्या पाण्यात सायप्रिनस हा मासा नव्हता. तो विसाव्या शतकात बाहेरून आणून वाढवला गेला, आणि मिशा त्यालाही चारच. आता तोंडाशी थांबून भागत नाही, नजर पाठीवर न्यावी लागते. सायप्रिनसचा पर पाठीच्या मध्यापासून जवळपास शेपटीपर्यंत लांबलेला असतो, खुद्रीचा आखूड आणि ताठ.