आकाशचित्रे आणि त्यांखालची ओळ

गेल्या काही वर्षांत आकाशाची चित्रे आपल्या घरांत जितकी शिरली आहेत, तितके आकाश स्वतः शिरलेले नाही. आमच्या लहानपणी ग्रहताऱ्यांचे चित्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील सूर्यमालेची आकृती व फार तर शनीच्या कड्यांचे एखादे काळेपांढरे छायाचित्र, एवढीच सामग्री असे. आज दिनदर्शिकेवर, रविवारच्या पुरवणीत, मुलांच्या वह्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर तेजोमेघ व दीर्घिका यांची रंगीबेरंगी चित्रे सारखी डोळ्यांपुढून जात असतात. त्यांच्या सौंदर्याविषयी दुमत नाही. परंतु चित्र सुंदर असणे ही एक गोष्ट आणि ते पाहणारास समजणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी ज्या लेखकांनी व संपादकांनी अंगावर घेतली आहे, त्यांच्या कामगिरीचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

या लेखास निमित्त घडले ते असे. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, मीरा रोड येथे पूनम सागर नावाची जी दाट वसाहत आहे, तीत आमचे बिऱ्हाड आहे. तेथील आकाशाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या व समोरच्या इमारतींच्या खिडक्या यांच्या उजेडातून जे पंधरावीस तारे डोकावतात, त्यांवरच संतोष मानावा लागतो. तथापि जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र चांगले वर येते. शेजारच्या एका गृहस्थांनी सातवीतल्या आपल्या मुलास लहानशी दुर्बीण घेऊन दिली होती. तिचे उद्घाटन करण्यास त्यांनी आम्हांस गच्चीवर बोलावले. मुलाच्या हातात दिनदर्शिकेचे एक पान होते. त्यावर मृगातील तेजोमेघ गुलाबी, जांभळ्या व निळ्या रंगांत नुसता पेटलेला दिसत होता. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली आम्ही दुर्बीण लावून दिली. मुलाने बराच वेळ डोळा लावून पाहिले आणि तो म्हणाला, "काका, हे तर नुसतं धुकं आहे. रंग कुठे गेले?" आम्ही उत्तर जुळवीत आहो तोच त्याने पुढचा प्रश्न टाकला, "म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र खोटं आहे ना?" त्याचे वडील हसून म्हणाले, "अरे, हल्ली सगळं कॉम्प्युटरवर करतात."

मुलाच्या प्रश्नापेक्षा वडिलांचे हे उत्तर आम्हांस अधिक लागले. जो मुलगा बारा वर्षांच्या वयात असे मानू लागेल की शास्त्रज्ञांची चित्रे म्हणजे रंगभूषा, तो उद्या चांद्रयानाने पाठविलेले चित्र पाहूनही तसाच हसेल. आणि आकाशावरील त्याचा विश्वास एकदा उडाला म्हणजे इतर शास्त्रांवरील विश्वास फार काळ टिकेल असे मानण्यास आधार नाही. दोष मुलाचा नव्हता, चित्राचाही नव्हता. त्या चित्राखाली एक ओळ असावयास हवी होती, ती नव्हती. तेथे ज्या दुकानाने दिनदर्शिका वाटली त्याचा पत्ता मात्र ठसठशीत छापलेला होता.

ती ओळ नसल्याने काय घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण नेपच्यून ग्रहाचे आहे. आमच्या पिढीतील कोणासही नेपच्यूनचा रंग विचारला तर तो निःशंकपणे 'गडद निळा' असे सांगेल, आणि युरेनसचा, म्हणजे आपल्या पत्रिकांतील हर्षलचा, 'फिका हिरवट' असे सांगेल. ही समजूत व्हॉयेजर २ या यानाच्या चित्रांवरून झाली. हे यान १९८६ साली हर्षलजवळून व १९८९ च्या ऑगस्टात नेपच्यूनजवळून गेले. नेपच्यूनवरील ढगांचे पट्टे व वादळे स्पष्ट उमटावीत म्हणून त्या वेळी चित्रांतील रंगांचा भेद मुद्दाम वाढविलेला होता, आणि तसे तेव्हा चित्रांसोबत सांगितलेलेही होते. पुढे चित्र एका पुस्तकातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात गेले. चित्र तेवढे प्रवास करीत राहिले, खुलासा मागे राहिला. ऑक्सफर्ड येथील पॅट्रिक अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ च्या जानेवारीत हबल दुर्बीण व चिलीतील मोठी दुर्बीण यांच्या मापनांवरून सिद्ध केले की हे दोन्ही ग्रह जवळजवळ एकाच फिक्या हिरवट-निळ्या रंगाचे आहेत, नेपच्यून किंचित अधिक निळा एवढाच फरक. तज्ज्ञांना यात नवल वाटले नसेल. पण पस्तीस वर्षे जगभरच्या मुलांनी नेपच्यूनच्या वर्तुळात गडद निळा खडू फिरविला, तो एका गळलेल्या ओळीपायी!

ग्रहांच्या बाबतीत निदान वस्तू डोळ्यांनी दिसण्याजोगी असते. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने मंगळाचे जे पूर्ण बिंब टिपले, ते जवळ जाऊन पाहणाऱ्या माणसासही बरेचसे तसेच दिसेल. शुक्राचे भेगाळलेले नारिंगी चित्र मात्र मॅगेलन यानाच्या रडारने दाट ढगांच्या आत चाचपून काढलेले आहे. वरून पाहणाऱ्या कोणाही डोळ्यास तो पृष्ठभाग दिसणार नाही. तेजोमेघांकडे वळले म्हणजे गोष्ट आणखी बदलते. मंद उजेडात आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत. ज्या पेशी जाग्या असतात त्यांस उजेड कळतो, रंग कळत नाही. चांदण्यात तांबडी जास्वंद काळसर दिसते ती यामुळेच. शिवाय डोळा प्रकाश साठवीत नाही, कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे, प्रसंगी तासन्‌तास, साठवीत बसतो. गच्चीवर मुलाने पाहिलेले करडे धुके आणि दिनदर्शिकेवरचा रंगोत्सव ही एकाच वस्तूची दोन खरी दर्शने होती. हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे, आणि त्या रात्री ते आम्हांस सांगता आले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता ज्या चित्राने या सर्व चित्रांचा संप्रदाय सुरू केला, त्याकडे पाहू. १९९५ च्या एप्रिलात जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीने भुजंग तारकासमूहातील गरुड तेजोमेघाचे चित्र घेतले. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेले, धूळ व वायू यांचे तीन खांब त्यात उभे आहेत, आणि त्यांच्या टोकांशी नवे तारे जन्मास येत आहेत. 'सृष्टिनिर्मितीचे स्तंभ' या नावाने ते घरोघर गेले. यातील रंगांची व्यवस्था अशी: गंधकाच्या प्रकाशास तांबडा रंग दिला, हायड्रोजनच्या प्रकाशास हिरवा, प्राणवायूच्या प्रकाशास निळा. वस्तुतः हायड्रोजनचा तो प्रकाश तांबडाच असतो आणि गंधकाचाही तांबडाच. दोघांस आपापल्या रंगात ठेवले असते तर कोठे एक संपतो व कोठे दुसरा सुरू होतो हे कळलेच नसते. म्हणून तिन्ही प्रकाशांचा क्रम जसाच्या तसा राखून त्यांतील अंतर ताणले. गवई आवाज न पोहोचल्यास पट्टी बदलतो, पण स्वरांची परस्परसंगती तो मोडीत नाही. पट्टी बदलली म्हणून कोणी रागास खोटा म्हणत नाही. येथे घडले आहे ते याच जातीचे. ते सांगितले म्हणजे शास्त्र, आणि लपविले म्हणजे फसवणूक, मग लपविण्याचा हेतू असो वा नसो.

याच चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखा काळा तुकडा आहे. एका पुस्तकात तो कापून चित्र चौकोनी केलेले आम्ही पाहिले. त्या पायऱ्या कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक भाग अधिक बारकाईने पाहणारा असल्यामुळे पडल्या. त्याने टिपलेला तुकडा इतरांच्या मापास आणताना लहान झाला व कोपरा रिकामा राहिला. संपादकास तो दोष वाटला. आम्हांस विचाराल तर चित्रातील सर्वांत प्रामाणिक जागा तीच, कारण हे यंत्राने घेतलेले चित्र आहे असे ती उघड सांगते. २०२२ च्या ऑक्टोबरात वेब दुर्बिणीने हेच स्तंभ अवरक्त प्रकाशात दाखविले, तेव्हा धूळ अर्धपारदर्शक होऊन मागचे असंख्य तारे पुढे आले. दोन्ही चित्रे शेजारी छापून, एकात धूळ दिसते व दुसऱ्यात धुळीपलीकडचे दिसते, एवढे सांगितले तरी वाचकास शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे बहुधा 'नव्या दुर्बिणीने अधिक स्पष्ट चित्र' अशा मथळ्यावर काम भागविले गेले. तसेच वेबच्या चित्रांतील ताऱ्यांस जी सहा मोठी व दोन लहान टोके दिसतात, ती षट्कोनी आरशांमुळे व पुढील आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे उमटतात. ताऱ्यांस टोके नसतात. हे कोणी न सांगितल्याने ती टोके मोजून ताऱ्यांच्या जाती ठरविणारे महाभागही आम्हांस भेटले आहेत.

ज्या चित्रांत रंग मुळीच नसतो त्यांचे काय? पुण्याहून नारायणगावाकडे गेले म्हणजे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा समूह लागतो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेने तो उभा राहिला. त्या दुर्बिणी ज्या लहरी झेलतात त्यांची लांबी वीसएक सेंटिमीटरपासून सुमारे दोन मीटरपर्यंत असते. अशा लहरीस तांबडे वा निळे म्हणणे म्हणजे तबल्याच्या बोलास आंबट म्हणण्यासारखे होय. त्यांवरून काढलेल्या दीर्घिकेच्या चित्रात रंग केवळ कोठे जोर अधिक व कोठे कमी हे दाखवितात, जसे नकाशात समुद्र निळा व डोंगर तपकिरी असतो. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले कृष्णविवराच्या छायेचे नारिंगी कडेही याच प्रकारचे, १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरींना नारिंगी रंग कोणी तरी निवडून दिला आहे. कडे खरे, त्याचा आकार खरा, खालची बाजू अधिक तेजस्वी हेही खरे. नारिंगी तेवढा निवडलेला. चित्रातील काय मोजलेले आणि काय निवडलेले हा भेद सांगणे हेच विवरणकाराचे मुख्य काम असता, आपले बहुतेक विवरणकार तेथेच मौन धरतात आणि 'विहंगम', 'मनोहारी', 'अद्भुत' या विशेषणांनी ती जागा भरून काढतात.

विशेषणांइतकाच दुसरा दोष शब्दांच्या अंदाधुंदीचा आहे. मराठीत आपल्या स्वतःच्या तारकासमुदायास आकाशगंगा व तशा इतर सर्वांस दीर्घिका असे दोन नेमके शब्द आहेत. हिंदीत एकच शब्द दोहोंस चालतो, आणि बातमी हिंदीवरून उतरवून घेणारा आमचा उपसंपादक 'लाखो आकाशगंगांचे चित्र' असे लिहून मोकळा होतो. मग पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका आपल्यातलीच की परकी, हे वाचकाने कसे ओळखावे? 'ग्रहीय तेजोमेघ' हा शब्द तर इंग्रजीतील चूक जशीच्या तशी उचलणारा. हर्शेलला अठराव्या शतकातील दुर्बिणीतून त्या वस्तू ग्रहांच्या बिंबासारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडले. प्रत्यक्षात तो म्हाताऱ्या ताऱ्याने टाकलेला वायूचा अंगरखा आहे, ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. शब्द रूढ झाला आहे तो राहू द्यावा, पण तो वापरताना निदान अर्धे वाक्य खर्च करावे.

मराठीस ही कला येत नाही असे मात्र कोणी समजू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकात 'ज्योतिर्विलास' लिहिले, त्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. त्या नावातच वाचकास हाताशी धरून अंगणात नेण्याचा बेत दिसतो. रंगीत चित्राचा आधार नसताना दीक्षितांनी केवळ वाक्यांवर आकाश उभे केले. आमच्या काळात पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी 'आकाशाशी जडले नाते' या ग्रंथात तेच कार्य चित्रांसह केले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. अवघड गोष्ट साध्या मराठीत सांगताना कोठे थांबावे हे त्यांस ठाऊक होते, आणि विशेषणांची त्यांस गरज पडत नसे. या दोघांच्या भाषेत लिहिणाऱ्यांनी एका चित्राखाली तीन ओळी लिहू नयेत, हे खटकते.

फेब्रुवारीत तो मुलगा पुन्हा दुर्बीण घेऊन गच्चीवर आला, आणि या खेपेस आम्ही तयारीने गेलो. डोळा काळोखास सरावू दे म्हणून वीस मिनिटे मोबाइल बंद करविला, सरळ न पाहता किंचित कडेने पाहावयास सांगितले. हा प्रकाश तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी, बदामीस चालुक्य राज्य करीत असता, तेथून निघाला, हेही सांगितले. त्यास धुक्याचे दोन पंख दिसले व मध्ये चार बारीक तारे दिसले. त्याने वहीत पेन्सिलीने ते काढले. चित्र काही विशेष साधले नव्हते. पण खाली त्याने तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास व 'पूनम सागर, गच्ची' असे लिहिले, आणि थोडे थांबून आणखी दोन शब्द घातले, 'रंग नाही'.