अरगॉन ते कार्बन : प्रीमो लेवींच्या ग्रंथातील बंधविचार

इटालियन लेखक व रसायनतज्ज्ञ प्रीमो लेवी (१९१९-१९८७) यांच्या 'इल सिस्तेमा पेरिओदिको' (१९७५) या ग्रंथातील २१ प्रकरणांना मूलद्रव्यांची नावे आहेत. मात्र मेंडेलीफच्या आवर्तसारणीतील क्रम तेथे नाही. अणुक्रमांक १८ असलेल्या अरगॉनने आरंभ होतो, तर ६ क्रमांकाच्या कार्बनने शेवट. या रचनेमागे बंधक्षमतेचे सूत्र दिसते. अरगॉनची बाह्यतम कक्षा आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण असल्याने तो सहसा बंध करीत नाही. भोवतालच्या समाजापासून अलग राहिलेले पिएमोंतमधील ज्यू पूर्वज लेवींना तसे वाटतात. तरीही झेनॉनचे संयुग १९६२ मध्ये सिद्ध झाल्याची नोंद ते करतात. म्हणजे हे अलगपण निरपेक्ष नव्हे. कार्बन चार बंध करतो. त्याचा एक अणू चुनखडीतून द्राक्षवेलीच्या पानात आणि अखेरीस लेखकाच्या मेंदूत पोहोचतो.

या दोन टोकांमध्ये 'सिरियम' येते. आउश्वित्झच्या छावणीत चोरलेल्या सिरियमच्या कांड्यांपासून लेवी व त्यांचा सोबती लायटरचे खडे घडवतात, ते पावाच्या मोबदल्यात देण्यासाठी. येथे मूलद्रव्य हे उपमान राहत नाही. त्याचा ठिणगी देण्याचा गुणधर्मच दोघांना जगवतो. म्हणूनच मूलद्रव्यांना केवळ रूपके मानणारे वाचन अपुरे ठरते.

भाषांतराच्या दृष्टीने इटालियन 'लेगामे' आणि मराठी 'बंध' हे दोन्ही शब्द रासायनिक तसेच मानवी नाते सुचवतात. 'निष्क्रिय वायू' या रूढ संज्ञेत मात्र दोषारोपाची छटा येते आणि 'नोबिले'मधील कुलीनता लोपते. पूर्वजांविषयीची लेवींची ममता नेमकी तेथेच हरवण्याचा धोका आहे.