पिंपातली सवलत

जावयाबरोबर बिअर प्यायला जाणे आमच्या सदाशिव पेठेत अजून रूढ झालेले नाही. पण २०२३ च्या ऑगस्टात मी लंडनला लेकीकडे होतो. जावईबापू म्हणाले, "बाबा, ऑलिंपियात बिअरची जत्रा भरलीय, नुसती बघायला तरी चला." बघायला म्हणून गेलो. (सौ.ला एवढेच माहीत आहे.)

तारीख १ ऑगस्ट. दारूवरचा नवा कर नेमका त्याच दिवशी लागू झालेला. हा कर अर्थमंत्री असताना २०२१ मध्ये जाहीर करणारे ऋषी सुनक आता पंतप्रधान होते, आणि तेही जत्रेत येऊन ग्लास भरून गेले. गृहस्थ स्वतः थेंबही घेत नाहीत! आजच कर वाढवता आणि आजच बिअर ओतता, असे एकाने त्यांना तोंडावर सुनावले म्हणे. आम्हाला हे रात्री टीव्हीवर कळले.

"पण बाबा, पिंपातल्या बिअरला सवलत आहे," जावईबापू सांगू लागले. "शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला बाटलीवर २१.०१ पौंड कर, पिंपावर १९.०८."

"छान! आणि कालपर्यंत किती होता?"

जावईबापू जरा खोकले. "१९.०८."

अहो, हा तर लक्ष्मी रस्त्यावरचा सेल झाला! शेजारच्या साडीची चिठ्ठी बदलायची आणि हीच साडी 'स्वस्त' म्हणून दाखवायची. त्यातही पिंप किमान वीस लिटरचे हवे. आधी चाळीसचे ठरले होते, छोट्या ब्रुअरीवाल्यांनी ओरड केली तेव्हा निम्म्यावर आले. आमच्याकडे भाजीवालीसुद्धा एवढी उतरत नाही.

सायडरची गंमत निराळीच. साडेचार टक्क्यांच्या एका पाइंटवर तेव्हा बिअरला सुमारे ४९ पेन्स कर होता, सफरचंदाच्या सायडरला २२. मग सायडर स्वस्त हवी ना? पाट्या पाहिल्या तर भाव जवळपास तोच! "बाबा, सफरचंदं वर्षातून एकदाच येतात. बिअर बारा महिने करता येते," जावईबापू म्हणाले. हे पटले. जत्रेत वाढणारे लोक बिनपगारी स्वयंसेवक, हेही कळले. पण हॉलचे भाडे असते, आणि कर धरून जो भाव होतो त्यावर पुन्हा २० टक्के व्हॅट. करावर कर! तिथे पिंपाची सवलत म्हणजे तेव्हा पाइंटमागे चार-पाच पेन्स होती. ती ग्लासावरच्या फेसात कधी विरते ते कळतही नाही.

मी अर्धा पाइंट सायडर घेतली. केवळ अभ्यासासाठी. पैसे जावईबापूंनी दिले, तेव्हा माझी तक्रार तत्त्वाची आहे, खिशाची नाही.